पार्श्वभूमी : वडगावचा विजयस्तंभ आणि इष्टुर फाकड्याची समाधी

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने लोणावळा, कार्ला, कामशेत करत पुण्याकडे निघाले की तळेगावच्या अलीकडे वडगाव मावळ लागते. रस्त्यालगतच विजयस्तंभ आहे, महादजी शिंद्यांचा पुतळा आहे. द्रुतगती मार्ग झाल्यापासून मुंबई-पुण्याची बरीचशी वाहतूक या गावाला वळसा घालून जाते, त्यामुळे हा स्तंभ नेमका कशाचा हे ठाऊक नसलेले प्रवासी पुष्कळ. जानेवारी 1779 मध्ये मराठ्यांनी इंग्रजांच्या फौजेला इथे कोंडले आणि तह लिहून घेतला, त्याची ही खूण.

भांडणाचे मूळ मात्र मावळात नव्हते, शनिवारवाड्यात होते. 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचे काका राघोबादादा गादीवर आले, पण नाना फडणीस आणि इतर कारभाऱ्यांनी त्यांना टिकू दिले नाही. तेव्हा दादा मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि 1775 मध्ये सुरतेचा तह झाला. कलकत्त्याच्या वरिष्ठांना तो मान्य नव्हता, म्हणून पुढच्याच वर्षी पुरंदरचा तह झाला. मुंबईकरांचे त्यानेही समाधान झाले नाही. दादांना पुण्यात नेऊन बसवायचेच, असे ठरवून 1778 च्या अखेरीस त्यांनी सुमारे 3,900 माणसांची फौज बोरघाटाने वर पाठवली.

या फौजेची चाल हा मोहिमेतला सर्वांत अजब भाग. बोरघाटात तेव्हा गाडीरस्ता नव्हता. तोफा ओढता येतील अशी वाट इंग्रज सेनापती वेलस्लीने 1804 मध्ये करून घेतली आणि चाकांच्या वाहनांसाठी घाट खुला झाला तो 10 नोव्हेंबर 1830 रोजी. म्हणजे 1778 मध्ये तोफा, दारूगोळा, धान्य आणि साहेबांचे सामान असे सगळे बैलांच्या आणि माणसांच्या जिवावर चढवायचे होते. बैल किती, तर 19,000 च्या वर! त्यात सेनापती कर्नल एगर्टन, मुलकी बाजूचे कारनॅक आणि मॉस्टिन अशा तिघांची समिती कारभार पाहणार. युद्ध समितीने चालवायचे म्हटल्यावर जे व्हायचे तेच झाले. मॉस्टिन आजारी पडून 1 जानेवारीला वारला, एगर्टननेही प्रकृतीमुळे सूत्रे कर्नल कॉकबर्नकडे दिली. डिसेंबरात खंडाळ्याला पोचलेली फौज तळेगावला आली 9 जानेवारीला. आज हे अंतर तासाभरात पार होते.

मराठ्यांनी समोरासमोरची मोठी लढाई टाळली. महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांच्या फौजा बाजूंनी घोंगावत राहिल्या, भिवराव पानशांच्या तोफा मारा करत राहिल्या आणि पुढचा मुलूख उजाड करण्यात आला. इंग्रज तळेगावात शिरले तेव्हा गाव जळालेले होते. वेळ पडलीच तर चिंचवड आणि खुद्द पुणेही जाळायची तयारी होती. माझ्या मते ही मोहीम जिंकली ती इथे. पण विजयाचा स्तंभ उभारता येतो, आपलेच गाव आपण जाळल्याचा कोण उभारणार? त्या हिवाळ्यात मावळातल्या माणसांनी घरे, वैरण आणि धान्य गमावून काय सोसले, हे स्तंभाकडे पाहून कळत नाही.

अन्न नाही, दादांना येऊन मिळतील म्हणून सांगितलेले सरदार नाहीत, अशा अवस्थेत 11 जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात लोटल्या आणि ते मागे फिरले. मराठ्यांना सुगावा लागलाच. कॅप्टन हार्टलेच्या तुकडीने पिछाडी चिवटपणे सांभाळली, तरी वडगावात सगळे अडकले. 16 जानेवारीला तह झाला. 1773 पासून घेतलेला मुलूख, मुंबईलगतच्या साष्टी बेटासह, परत करायचा आणि दादांची साथ सोडायची. महादजींना वेगळे 41,000 रुपये आणि भरूच देण्याचे आश्वासन मिळाले. दोन इंग्रज ओलीस राहिले, तेव्हा कुठे फौज खाली उतरली.

याच गावात पोलीस ठाण्याच्या आवारात दुसरी खूण आहे, इष्टुर फाकड्याची समाधी. हा कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट. नोव्हेंबर 1778 मध्ये घाट आधी ताब्यात घेणारी आघाडीची तुकडी याचीच. 4 जानेवारीला कार्ल्याजवळ झाडावर चढून तो मराठ्यांचा तळ न्याहाळत होता, तेवढ्यात तोफेचा गोळा लागून तो ठार झाला. शत्रूचा अधिकारी, तोही हरलेल्या बाजूचा. पण मराठ्यांनी त्याला ‘फाकडा’, म्हणजे धडाडीचा शूर, म्हटले. पेशवाईतल्या साडेतीन फाकड्यांत मानाजी शिंद्यांसारख्यांच्या पंगतीत अर्धा मान त्याला दिला आणि गावाने त्याची समाधी पुजली. तो जगला असता तर मोहिमेचे काय झाले असते, याचीही धास्ती या कौतुकामागे असावी. एगर्टन आणि कॉकबर्न यांना मावळात कोणी लक्षात ठेवले नाही. त्यांच्या कंपनीने त्यांना नोकरीतून काढले, कारनॅकलाही.

विजयाचे पुढे काय झाले? कलकत्त्याचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जने वडगावचा तह धुडकावला. वडगावानंतर महादजींच्या ताब्यात गेलेले दादा तिथून निसटून पुन्हा इंग्रजांकडे गेले आणि युद्ध आणखी तीन वर्षे चालले. 17 मे 1782 रोजी महादजींच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. त्यात साष्टी इंग्रजांकडेच राहिली आणि दादांना दरमहा 25,000 रुपये तनखा ठरला. तो घेत ते कोपरगावास राहिले आणि डिसेंबर 1783 मध्ये तिथेच वारले.