निळा डोंगर ग्लेझवर की ग्लेझखाली? माजोलिका आणि अंडरग्लेझ

पांढऱ्या फरशीवर निळ्या छटांतला डोंगर, पायथ्याशी नदी, वर मोकळं आकाश. असं निसर्गचित्र माजोलिकातही होतं आणि अंडरग्लेझमध्येही; भाजलेल्या मातीवर रंगवण्याच्या या दोन पद्धती. दोन्हींत ग्लेझ, म्हणजे भट्टीत काचेसारखा होणारा लेप, लागतोच. निळा रंग दोन्हींत बहुधा कोबाल्टचाच, म्हणून नजर फसते. खरा फरक कुंचला कशावर टेकतो याचा आहे.

माजोलिकात बिस्क झालेली, म्हणजे ग्लेझ न लावता एकदा भाजलेली, फरशी आधी अपारदर्शक पांढऱ्या ग्लेझमध्ये दोन-तीन सेकंद बुडवतात. हा पांढरेपणा ५ ते ८ टक्के टिन ऑक्साइडने येतो; झिरकॉन वापरलं तर १० ते १२ टक्के लागतं. ग्लेझ वाळून खडूसारखं झालं की त्या कच्च्या थरावरच रंगवायचं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या निळ्या-पांढऱ्या फरश्या अशाच होत. गोव्यात दिसणाऱ्या आझुलेजूंची, म्हणजे रंगवलेल्या फरश्यांची, मूळ पोर्तुगीज परंपराही हीच. साधारण १०४० अंश सेल्सिअसला रंग ग्लेझमध्ये मुरतो आणि रेषेची कड किंचित मऊ होते. धुक्यातले डोंगर इतके सुंदर दुसऱ्या कशात उतरत नाहीत.

अंडरग्लेझमध्ये चित्र थेट मातीवर आणि त्यावर पारदर्शक ग्लेझ. रेष धारदार राहते, म्हणून गवताची पाती, बारीक डहाळ्या यातच काढाव्यात. चीनची निळी-पांढरी पोर्सेलीन या घराण्यातली. जयपूरची ब्लू पॉटरीही. मात्र तिचं अंग मातीचं नसून मुख्यतः क्वार्ट्झच्या भुकटीचं असतं.

चुका मात्र दोन्हींच्या अगदी वेगळ्या. माजोलिकात कच्चं ग्लेझ पाणी क्षणात शोषतं, त्यामुळे फटकारा पुसता येत नाही. खरवडायला गेलं की पांढरा थरही निघतो. ग्लेझमध्ये थोडा सीएमसी (सेल्युलोजपासून बनवलेला) डिंक घातला तर पृष्ठभाग भुसभुशीत राहत नाही. स्टेन, म्हणजे तयार रंगाची पूड, नुसता लावला तर भाजल्यावर खरखरीत डाग उरतो. साधारण तेवढंच फ्रिट, म्हणजे वितळवून दळलेल्या काचेची पूड, मिसळून घ्यावं. बिस्कवर धूळ किंवा बोटांचं तेल असेल तर ग्लेझ गोळा होऊन माती उघडी पडते. निसर्गचित्रात एक धोका खास: झाडांच्या हिरव्यातलं क्रोम भट्टीत उडून टिनच्या पांढऱ्यावर गुलाबी झाक आणू शकतं. अशा वेळी झिरकॉनचं ग्लेझ घ्यावं, किंवा हिरवा तांब्याचा.

अंडरग्लेझचा रंग बिस्कवर लावला असेल तर ओल्या स्पंजने बरंचसं पुसता येतं. सपाट रंगाला तीन हात, जलरंगासारख्या छटेला एकच पातळ हात. रंगाचा थर जाड झाला की ग्लेझ तिथून मागे सरतं. पारदर्शक ग्लेझ जाड बसलं तर गडद निळ्यावर दुधाळ सायच येते. ते कुंचल्याने लावणार असाल तर आधी चित्र पुन्हा बिस्कच्या तापमानाला भाजून पक्कं करा, नाहीतर आकाश डोंगरात मिसळेल. संध्याकाळच्या आकाशाचा क्रोम-टिन गुलाबी हवा असेल तर ग्लेझमध्ये जस्त नको. त्याने गुलाबी करपट तपकिरी होतो.

तयार फरशी हाती आली तर टवका उडालेली कड पाहा. पिवळट किंवा लाल मातीवर पांढऱ्या ग्लेझचा वेगळा थर दिसला, तर बहुधा माजोलिका. कड आतपर्यंत पांढरी आणि रंग काचेच्या तळाशी बसलेला दिसला, तर अंडरग्लेझ.