थंडी सोसते, ओल सोसत नाही

बाहेर पारा शून्याखाली गेला तरी पेटीत पाळलेल्या मेलिफेरा (युरोपीय) मधमाश्या झोपून जात नाहीत. पेटीला कान लावला तर आतली बारीक गुणगुण ऐकू येते. तापमान साधारण १४ अंशांखाली उतरू लागले की माश्या एकमेकींना बिलगून घट्ट गोळा बनवतात. राणी मध्ये असते. नर बहुधा नसतातच. हिवाळ्याआधीच कामकरी माश्या त्यांना हुसकून लावतात. गोळ्यातल्या माश्या पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतात आणि त्यातून उष्णता तयार होते. पोळ्यात अळ्या असतील तर मध्यभागी ३३ ते ३५ अंश तापमान राखले जाते. बाहेरच्या थरात मात्र ते जेमतेम १०च्या आसपास असते.

या शेगडीचे इंधन म्हणजे मध, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. साखर शरीरात जळली की पाणी तयार होते. शिवाय मधात मुळातच १८ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. हिशेब केला तर एक किलो मधामागे सुमारे ६५० ग्रॅम पाणी वाफ होऊन पेटीत येते. लांबलचक हिवाळ्यात वसाहत २० किलो मध सहज संपवते, म्हणजे पाणी झाले १३ किलो! ही वाफ वर जाते, थंडगार झाकणाला लागून तिचे थेंब होतात आणि ते थेट माश्यांवर टपकतात. कोरडी वसाहत बरीच थंडी काढते, भिजलेली मात्र लवकर गारठते.

म्हणून पेटीभोवती काही गुंडाळण्याआधी झाकणाकडे बघावे. झाकणाखाली जाड उष्णतारोधक थर घातला की छत उबदार राहते आणि पाणी धरलेच तर ते बाजूच्या भिंतींवर, माश्यांपासून दूर. वरच्या बाजूला हवेसाठी छोटे भोक ठेवावे की नाही, यावर मधपाळांचे एकमत नाही. माझ्या मते झाकण नीट उबदार असेल तर त्याची फारशी गरज पडू नये. झाडाच्या ढोलीच्या जाड भिंतींपुढे दोन सेंटिमीटरची फळी किती तोकडी, हेही लक्षात घ्यायला हवे. पेटी दाराच्या बाजूला किंचित कललेली ठेवावी, म्हणजे पाणी बाहेर निघते. वाऱ्याला आडोसा करावा. उंदरांसाठी दार अरुंद करावे. उबेला आलेला उंदीर मेणाची पार वाट लावतो.

दुसरा धोका भुकेचा. कडाक्याच्या थंडीत गोळा जागचा हलू शकत नाही. मग चार बोटांवर मधाने भरलेली पोळ्याची चौकट असूनही माश्या उपाशी मरतात. अशा मेलेल्या माश्या पोळ्याच्या रिकाम्या घरांत डोके खुपसलेल्या सापडतात. मध पुरेसा आहे का, हे पेटी न उघडता कळते: मागची बाजू किंचित उचलून वजनाचा अंदाज घ्यावा. हलकी लागली तर गोळ्याच्या अगदी वर कोरडी साखर ठेवावी. पातळ पाक नको. तो आटवताना माश्यांची ऊर्जा खर्च होते आणि पेटीत ओल आणखी वाढते.