‘लेफ्ट बिहाइंड’: चित्रपटात नसलेली कादंबरी

हॉलिवूड अभिनेता निकोलस केजची भूमिका असलेला २०१४ चा ‘लेफ्ट बिहाइंड’ हा चित्रपट पाहिला की टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांची १९९५ ची कादंबरी कळली, हा जुना समज चुकीचा आहे. श्रद्धावंत ख्रिस्ती क्षणार्धात नाहीसे होतात आणि विमानातल्या आसनांवर त्यांचे नुसते कपडे उरतात, हा प्रसंग दोन्हींत असला, तरी कादंबरीत ती केवळ सुरुवात आहे. वैमानिक रेफर्ड स्टील शिकागोला उतरल्यावर खरे कथानक घडते आणि संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस झालेला रुमानियाचा निकोलाय कार्पेथिया हाच ख्रिस्तविरोधी (अँटिख्राइस्ट, म्हणजे ख्रिस्ती समजुतीनुसार जगाच्या अंतकाळी येणारा ख्रिस्ताचा शत्रू) असल्याचे उघड होते. चित्रपटात हे पात्रच नाही. तिथे स्टीलची मुलगी क्लोई विमान उतरावे म्हणून अर्धवट बांधलेल्या रस्त्यावरचे अडथळे हटवते आणि विमान उतरताच कथा थांबते. कादंबरीचा गाभाच त्यामुळे निसटला, असे मला मनापासून वाटते. याच कादंबरीवरच्या २००० सालच्या पहिल्या चित्रपटात मात्र कार्पेथिया आहे.