लिलावघर उघडलं आणि लुटीची मजा गेली

‘डायब्लो’ हा संगणकावरचा राक्षस मारायचा खेळ. पण खेळणारा त्यात रमतो तो राक्षस मेल्यावर जमिनीवर काय पडतं, या उत्सुकतेने. कधी तलवार, कधी अंगठी, कधी चिलखत. पडलेल्या वस्तूत किती ताकद असेल, हे संगणक त्या क्षणी फासे टाकल्यासारखं ठरवतो.

२००० साली आलेल्या दुसऱ्या भागात खेळाडू ही लूट आपसात बदलून घ्यायचे. खेळातलं सोनं जवळ बाळगायला मर्यादा होती, म्हणून ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ नावाची एक अंगठीच चलनासारखी वापरात आली. पुढे बाहेरच्या संकेतस्थळांवर खऱ्या पैशांत विक्री सुरू झाली आणि फसवणूकही. १५ मे २०१२ ला तिसरा भाग आला. त्यात हा खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने खेळातच लिलावघर ठेवलं आणि थोड्याच दिवसांत खऱ्या पैशांचं लिलावघरही उघडलं. हेतू चांगला होता. व्यवहार उघड आणि सुरक्षित व्हावा, एवढंच.

त्या भागात इतरही बरेच बदल होते. ताकद, चपळाई यांचे गुण आता आपोआप वाढत. कौशल्यं हवी तेव्हा बदलता येत. दुसऱ्या भागात कौशल्याची निवड चुकली, की कित्येक वर्षं नवा गडी, म्हणजे खेळातलं आपलं नवं पात्र, घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. मला सगळ्यात आवडला तो लाल गोळ्यांचा बदल. मेलेल्या राक्षसातून जीव भरून देणारे गोळे पडतात, म्हणजे जखमी खेळाडूने पळण्यापेक्षा पुढे घुसणं फायद्याचं. एका छोट्या नियमाने लढाईची चालच बदलली.

लिलावघराने मात्र घात केला, आणि त्याचं कारण गणितात आहे. समजा, तुमचा गडी शेवटच्या पातळीला पोचलाय आणि प्रत्येक वस्तूची ताकद त्याच फाशांनी ठरतेय. पहिली वस्तू आपोआपच आतापर्यंतची सर्वोत्तम. दुसरी तिच्याहून सरस असण्याची शक्यता १/२, शंभरावी सर्वांत सरस असण्याची १/१००. पहिल्या हजार वस्तूंत असे विक्रम सरासरी साडेसातच होतात. तरी ते होतात, आणि खेळाडू त्यांच्या आशेवर राहतो. बाजार उघडला, की तुलना स्वतःच्या हजार वस्तूंशी राहत नाही, जगभरातल्या खेळाडूंच्या लाखो वस्तूंशी होते. वरुड-मोर्शीकडे स्वतःच्या बागेतलं सगळ्यात मोठं संत्रं दरवर्षी कुणालातरी सापडतं. मंडईतल्या साऱ्या ढिगांत तेच सगळ्यात मोठं निघेल का? तुम्हाला सापडलेली तलवार लिलावघरातल्या तलवारीपुढे जवळजवळ नेहमीच फिकी पडायची. मग राक्षस मारायचे ते सोनं जमवायला, आणि चांगली वस्तू आणायची ती विकत.

आपल्या मेंदूला हे मानवत नाही. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की अनपेक्षित रसाचा थेंब मिळाला, की डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी जोरात पेटतात. थेंब येणार हे आधीच्या खुणेवरून कळायला लागलं, की त्या खुणेला प्रतिसाद देतात, प्रत्यक्ष थेंबाला नाही. आणि ठरलेला थेंब आलाच नाही, तर नेहमीपेक्षाही मंदावतात. किंमत बघून, पैसे मोजून घेतलेल्या तलवारीत अनपेक्षित असं काय उरतं?

आर्वीकडच्या आमच्या गावात शेजारचा अकरावीतला पोरगा जुन्या लॅपटॉपवर हाच तिसरा भाग खेळतो. दुर्मीळ वस्तू पडली, की पडद्यावर नारिंगी प्रकाशाचा खांब उभा राहतो. तो दिसला, की त्याचा हात माउसवर थबकतो आणि पाठ ताठ होते. आई जेवायला हाक मारत असते, आणि हा मला म्हणतो, “थांबा न काका, काय निंगते ते पाहू द्या.” वस्तू अजून हातात आलेली नसते. शुल्ट्झच्या माकडांतली ती खूण म्हणजे हा नारिंगी खांब.

कंपनीने चूक ओळखली, याचं मला कौतुक आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये लुटीचे नियम नव्याने लिहिले गेले. वस्तू कमी पडाव्यात पण चांगल्या पडाव्यात, आणि बहुतेक वेळा आपल्याच गड्याच्या उपयोगाच्या असाव्यात, असं ठरलं. उत्तमोत्तम वस्तू ज्याच्या त्याच्या खात्याला बांधल्या गेल्या. १८ मार्च २०१४ ला दोन्ही लिलावघरं बंद झाली.

एक निर्णय मात्र फिरवला नाही. संगणकावर हा भाग एकट्याने खेळायलाही इंटरनेट सतत लागतं, तर गेमिंग कन्सोलवर त्याच्याशिवाय चालतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळणाऱ्या या पोराला वादळी पावसात टॉवर गेला, की लढाई अर्ध्यात सोडावी लागते. ‘हार्डकोर’ प्रकारात गडी एकदा मेला, की कायमचा जातो. नेटच्या भरवशावर तो प्रकार खेळायची त्याची हिंमतच होत नाही. कन्सोलवाल्यांना दिलेली सोय संगणकावरही द्यायला हवी होती.