नागपूर विद्यापीठात पीएच.डी. : विषय, पात्रता आणि कागदपत्रे

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. या पुरावर पीएच.डी. करायची, तर अर्जातल्या ‘विषय’ या रकान्यात काय लिहायचे? सांडव्यावरून किती पाणी गेले याचे गणित मांडायचे असेल तर स्थापत्य अभियांत्रिकी. पात्रातली बांधकामे नकाशावर दाखवायची तर भूगोल. महापालिकेची यंत्रणा कशी हलली हे तपासायचे तर लोकप्रशासन. ज्यांचे संसार भिजले त्यांचे पुढे काय झाले हे पाहायचे तर समाजशास्त्र किंवा समाजकार्य. प्रसंग एक, विषय पाच, आणि प्रत्येकाची परीक्षा, मार्गदर्शक व समिती वेगळी. बरेच अर्ज कागदपत्रांच्या आधी इथेच चुकतात.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार चार विद्याशाखा आहेत : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. शेवटच्या नावाने अनेकांची फसगत होते. दोन विषय जोडणारा कोणताही प्रस्ताव तिथे जात नाही. शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, गृहविज्ञान, ग्रंथालयशास्त्र यांसारख्या ठरावीक विषयांची ती शाखा आहे. तुमचे काम दोन विषयांच्या सीमेवर असेल तर मुख्य विषय एकच धरा, शक्यतो पदव्युत्तर पदवीचा, आणि दुसऱ्या विषयासाठी सहमार्गदर्शक मागा. दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने घेता येतो, अशी तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत आहे. मुख्य विषय बदलायचाच असेल तर कोणत्या विषयाला कोणती पदवी चालते, हे त्या वर्षीच्या अधिसूचनेतून आधी पक्के करा.

पात्रतेचे आकडे असे. तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी असेल तर किमान ५५ टक्के. चार वर्षांची पदवी घेऊन थेट यायचे असेल तर ७५ टक्के. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटक यांना ५ टक्क्यांची सवलत आहे. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या अर्जात ५४.९ चे ५५ होत नाहीत, म्हणून टक्केवारी दोन दशांशांपर्यंत स्वतः काढा. गुणपत्रिकेवर फक्त सीजीपीए (सर्व सत्रांचे सरासरी श्रेणीगुण) असेल तर टक्केवारीचे सूत्र बहुधा मागच्या बाजूला छापलेले असते. ते नसेल तर पदवी देणाऱ्या विद्यापीठाकडून रूपांतराचे प्रमाणपत्र आणावे लागते. यात दिवस जातात, तेव्हा जाहिरातीची वाट न पाहता हे काम आधी उरका.

प्रवेशाची दारे दोन : विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा ‘पेट’ आणि नेट. आयोगाच्या नियमांनुसार विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. पात्रतेला ५० टक्के गुण लागतात, आरक्षित गटांना ५ टक्के सूट. विषयात हुशार असलेली मुलेही संशोधन पद्धतीच्या भागात अडकतात, कारण नमुना निवड, परिकल्पना, संदर्भ देण्याच्या रीती हे एम.ए.-एम.एस्सी.त वरवर शिकवले जाते. त्याला निदान दोन महिने द्या. जून २०२४ पासून नेटच्या निकालात ‘फक्त पीएच.डी.’ असाही गट आहे. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) नसलेल्या दोन्ही गटांत, म्हणजे ‘सहायक प्राध्यापक व पीएच.डी.’ आणि ‘फक्त पीएच.डी.’ यांत, नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार मिळतो, आणि हे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात.

परीक्षा पास झाली म्हणजे मार्गदर्शक मिळाला असे नाही. एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. भेटायला गेलात की जागा रिकामी आहे का आणि निवृत्ती कधी, हे दोन्ही नम्रपणे विचारा. यात संकोचाचे कारण नाही. महाविद्यालयातले मार्गदर्शक असतील तर तिथे त्या विषयाचे मान्यताप्राप्त संशोधन केंद्र आहे ना, हेही पाहा.

आता कागदपत्रे. दहावीचे प्रमाणपत्र, पदवी व पदव्युत्तरच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, पेट किंवा नेटचा निकाल, आधार, छायाचित्र आणि संशोधन आराखडा हे सर्वांना लागते. बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्यांना स्थलांतर प्रमाणपत्र. आरक्षणासाठी जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि, लागू असेल तर, मुदतीतले नॉन-क्रीमी लेयर. इथे एक बारकावा आहे : नेटला ओबीसी दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्यातल्या प्रवेशाला राज्याच्या नमुन्यातला. एकच दाखला दोन्हीकडे लावला की त्रुटी निघते. दोन्ही काढून ठेवा. वैधता नसेल तर पडताळणी समितीकडे आजच अर्ज करा, कारण सर्वांत जास्त वेळ तिथेच लागतो.

नावाची तफावत हा दुसरा नेहमीचा अडथळा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. लग्नानंतर आधार बदललेले आणि पदवी माहेरच्या नावाची. नुसता क्रम वेगळा असेल तर सहसा निभावते, पण नाव बदललेले असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र शासनाचे राजपत्र जोडा. प्रबंधावर आणि पदवीवर तेच नाव जाणार असल्याने अर्जातले स्पेलिंग गुणपत्रिकेशी अक्षरशः जुळवा.

नोकरी करून अर्धवेळ पीएच.डी. करणाऱ्यांनी कार्यालयाकडून ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे. ‘आमची हरकत नाही’ एवढे एक वाक्य पुरत नाही. अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, कामाचे स्वरूप संशोधनाला पुरेसा वेळ देणारे आहे आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी, म्हणजे प्रवेशानंतरच्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी, कार्यमुक्त केले जाईल, या तिन्ही गोष्टी त्यात हव्यात. मसुदा तुम्हीच टाइप करून साहेबांसमोर ठेवा.

आराखड्यात समस्या, आधीच्या संशोधनाचा आढावा, उद्दिष्टे, परिकल्पना, पद्धत, प्रकरणांची रूपरेषा आणि संदर्भ असतात. शीर्षक ठरवण्याआधी शोधगंगेवर शोधा. देशभरातले प्रबंध तिथे मोफत वाचायला मिळतात. ‘विदर्भातील संत्रा उत्पादकांचा अभ्यास’ असे शीर्षक समितीपुढे टिकत नाही. काटोल आणि नरखेड तालुक्यांतल्या बागायतदारांचा विक्रीखर्च, अमुक ते अमुक वर्ष, असे लिहिले की काय मोजणार हे समितीला कळते. आढावा स्वतःच्या शब्दांत लिहा. आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार प्रबंधाचे इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांवर गेले की दंडात्मक पायऱ्या सुरू होतात आणि ६० टक्क्यांवर नोंदणीच रद्द होते. उचललेले परिच्छेद बहुधा याच पहिल्या आराखड्यातून पुढे सरकत प्रबंधात येतात.

प्रवेशानंतर किमान १२ क्रेडिटचे कोर्सवर्क असते. ते धरून मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणीने आणखी दोन. स्त्रिया आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षे अधिक, तसेच स्त्रियांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा.

अधिछात्रवृत्तीसाठी राज्य शासनाच्या संस्था आहेत : इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाला महाज्योती, जिचे मुख्यालय नागपुरातच आहे. अनुसूचित जातींना बार्टी. मराठा-कुणबी उमेदवारांना सारथी. या योजना पूर्णवेळ संशोधकांसाठी आहेत आणि नोंदणीची तारीख पाहूनच अर्ज स्वीकारतात. म्हणून विद्यापीठाचे नोंदणीपत्र हाती पडताच त्यावरची तारीख, विषय आणि ‘पूर्णवेळ’ हा शब्द तपासा, आणि चूक दिसली तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज देऊन पोच घ्या.