फर्माला चकवणारा आकडा : ४२९४९६७२९७

एखादी गोष्ट लागोपाठ पाचदा खरी निघाली की आपण तिला नियम म्हणून मोकळे होतो. आपलं सोडा, सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती फर्मापण यात फसलाय, आणि तोही ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७ या एका आकड्यापायी.

झालं असं, २ घ्या, त्याचा वर्ग करा, उत्तराचा परत वर्ग, परत वर्ग, आणि दर टप्प्यावर १ मिळवून बघा. ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ संख्या! १६४० मध्ये फर्माने पत्रांतून सांगून टाकलं की ही रांग कायम मूळच राहणार, सिद्धता काही दिली नाही. सहावा आकडा वरचा, २ चा ३२ वा घात अधिक १. तो मूळ नाही हे कळायला १७३२ साल उजाडलं, ऑयलर या गणितीने दाखवलं की तो ६४१ × ६७००४१७ आहे.

आता ६४१ च का? तर या आकड्याच्या कुठल्याही मूळ विभाजकाला ६४ ने भागलं की बाकी १ च उरते, म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ एवढेच तपासायचे, पाचव्या फटक्यात काम तमाम.

पण मला खरी मजा येते ती पुढच्या गमतीत, भागाकार न करताच कळतं. ६४१ ने भागल्यावरची बाकी तेवढी बघत राहायची. ६४० म्हणजे ५ × १२८, म्हणजेच ५ गुणिले २ चा ७ वा घात, आणि हे ६४१ पेक्षा १ ने कमी, म्हणून बाकी −१ धरू. सगळ्याचा चौथा घात केला की ५ चा ४ था घात गुणिले २ चा २८ वा घात, बाकी १. आता ६४१ = ६२५ + १६ पण आहे ना, आणि ६२५ म्हणजेच ५ चा ४ था घात, म्हणजे त्याच्या जागी सरळ −१६ ठेवा, म्हणजे −(२ चा ४ था घात). ४ आणि २८ मिळून ३२! तेव्हा −(२ चा ३२ वा घात), बाकी १. चिन्ह बदला, बाकी −१, त्यात १ मिळवला की शून्य. (डोकं गरगरलं तर कागदावर करा, मीपण तसंच केलं होतं.)

अंकशास्त्रवाले याच आकड्याचे अंक मिळवून ५९, मग १४, मग ५ काढतील आणि स्वभाव सांगतील. तो ५ म्हणजे ९ ने भागल्यावरची बाकी, बस, ६४१ चा त्यातून वासही येत नाही.

४२९४९६७२९७ मधून २ वजा करा, ४२९४९६७२९५ येतो, आणि तो म्हणजे त्याच पाच मूळ संख्यांचा गुणाकार, ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. सहावी मूळ संख्या या रांगेत आजवर सापडलेली नाही. ३ ला शून्य नंबर दिला तर ५ पासून ३२ नंबरपर्यंतच्या सगळ्या विभाज्य, म्हणजे मूळ नसलेल्या, निघाल्यात, ३३ नंबरची अजून अडून बसलीय, कारण ती नुसती लिहायलाच अडीच अब्जांहून जास्त अंक लागतात.