लिव्ह-इन आणि कॉमन-लॉ: वर्ष मोजायचे ते नात्याचे नव्हे, घराचे

“आम्ही तीन वर्षे एकत्र आहोत, म्हणजे आम्ही कॉमन-लॉ आहोतच.” कॉमन-लॉ म्हणजे लग्न न करताही कॅनडाचे इमिग्रेशन ज्यांना एकमेकांचे जोडीदार मानते, असे जोडपे. वर्क परमिटवर कॅनडाला निघालेल्या जोडप्यांकडून हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे, आणि दर वेळी मला एकच प्रश्न विचारावा लागतो: एकत्र म्हणजे एकमेकांच्या आयुष्यात, की एका घरात? हा प्रश्न अर्ज भरण्यापूर्वी कोणी विचारत नाही आणि अर्ज फेटाळला गेल्यावर सगळे विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

लिव्ह-इन म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे त्याचा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याने विवाहसदृश नात्यातील स्त्रीला संरक्षण दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० आणि २०१३ मधील निकालांत अशा नात्याचे निकष सांगितले, परंतु किती महिने एकत्र राहिले म्हणजे ते नाते सिद्ध होते, असा आकडा कोठेही ठरवलेला नाही. बोलण्यात तर हा शब्द आणखी सैल आहे. दोघांची स्वतंत्र घरे असून शनिवार-रविवार एकत्र घालवणाऱ्यांनाही आपण लिव्ह-इनमध्ये राहणारे म्हणतो.

कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीतील कॉमन-लॉ पार्टनरची व्याख्या याच्या अगदी उलट आहे. ती एका वाक्याची आहे आणि त्यात आकडा आहे: वैवाहिक स्वरूपाच्या नात्यात जी व्यक्ती तुमच्यासोबत राहत आहे आणि किमान एक वर्ष तशी राहिलेली आहे, ती तुमची कॉमन-लॉ पार्टनर. ‘वैवाहिक स्वरूपाचे’ म्हणजे काय, हे ठरवताना कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या एम. विरुद्ध एच. खटल्यात मान्य केलेले निकष पाहिले जातात: सामाईक निवारा, जवळीक, घरकामाची वाटणी, पैशांचा व्यवहार, मुले, समाज त्या दोघांकडे कसा पाहतो, वगैरे. एका फ्लॅटमध्ये भाडे वाटून घेणारे दोन सहकारी यात बसत नाहीत, हे उघड आहे आणि त्यावर गोंधळही फारसा होत नाही.

गोंधळ होतो तो त्या एका वर्षाबाबत. हे वर्ष नात्याचे नसून सामाईक निवासाचे आहे, ते सलग हवे, आणि ते पूर्ण होण्यापूर्वीच्या ताटातुटीला एक नियम व नंतरच्या ताटातुटीला दुसरा नियम लागू होतो. या तिसऱ्या मुद्द्यावर सर्वांत जास्त जोडपी अडखळतात. वाकडमध्ये आठ महिने एका घरात संसार केलेले एक जोडपे घ्या. त्यातील एक जण वर्क परमिटवर टोरांटोला गेला, दुसरी वाकडमध्येच राहिली, रोज रात्री व्हिडिओ कॉल होत राहिले, महिन्याला पैसे येत राहिले आणि असे आणखी एक वर्ष गेले. त्यांच्या नात्याच्या खरेपणाबद्दल मला तिळमात्र शंका नाही, पण ती दोघे कॉमन-लॉ नाहीत, कारण घड्याळ आठव्या महिन्यात थांबले आणि पुन्हा एका छताखाली आल्यावर ते शून्यापासून सुरू होईल. पाच महिने, मग चार महिने, मग पुन्हा चार महिने, अशी बेरीज करून वर्ष भरत नाही.

याउलट बाणेरमध्ये सलग चौदा महिने एकत्र राहिलेले दुसरे जोडपे घ्या. त्यांच्यातील एक जण नोकरीसाठी व्हँकुव्हरला गेला आणि पाच महिन्यांनी दुसरीने ओपन वर्क परमिटसाठी, म्हणजे कोणत्याही एका मालकाशी न बांधलेल्या परमिटसाठी, अर्ज केला. अर्जाच्या दिवशी ती दोघे दोन खंडांत असली, तरी ती कॉमन-लॉ असू शकतात. एकदा वर्ष पूर्ण होऊन हा दर्जा निर्माण झाला, की नोकरी, शिक्षण किंवा घरातील आजारपण यांमुळे तात्पुरते वेगळे राहिल्याने तो आपोआप नाहीसा होत नाही. मात्र शक्य तितक्या लवकर पुन्हा एकत्र राहण्याचा दोघांचा इरादा कायम आहे, हे दाखवता आले पाहिजे. पहिल्या वर्षातही दिवाळीसाठी गावी जाणे किंवा कंपनीच्या कामासाठी दोन-तीन आठवडे बाहेर राहणे चालते. ती अनुपस्थिती छोटी आणि तात्पुरती हवी, एवढेच. वाकडच्या जोडप्याला आणखी चार महिने थांबता आले असते, तर त्यांचा प्रश्न उद्भवलाच नसता. निघण्याची तारीख ठरवण्याआधी हा हिशेब केला पाहिजे, असे मी पोटतिडकीने सांगतो.

पुराव्याच्या बाबतीत महाराष्ट्रातील जोडप्यांची एक खास अडचण आहे. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचा करार सवयीने अकरा महिन्यांचा करतात. एक वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला सहसा नोंदणी लागत नसे, त्यातून ही सवय पडली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार असा करार कितीही मुदतीचा असला तरी नोंदवावा लागतो, त्यामुळे त्या सवयीला आता अर्थ उरलेला नाही, तरी ती टिकून आहे. परिणामी एकच करार जोडला, तर तो नेमका एक महिना कमी पडतो. दुसरा करार किंवा नूतनीकरणही जोडावे, आणि त्यावर शक्यतो दोघांचीही नावे असावीत.

नावांचा प्रश्न तर त्याहून नाजूक आहे. अविवाहित जोडप्याला घर देण्यास अनेक घरमालक आणि सोसायट्या नकार देतात, म्हणून करार एकाच्या नावावर होतो, किंवा चुलत भावंडे म्हणून, क्वचित नवरा-बायको म्हणूनही नोंद केली जाते. अशा वेळी तो कागद तसाच जोडून गप्प राहणे घातक ठरते, कारण एका कागदावर विवाहित आणि अर्जावर कॉमन-लॉ ही विसंगती अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. सोबतच्या पत्रात खरे कारण सरळ लिहावे आणि इतर पुरावे भरपूर द्यावेत: त्याच पत्त्यावर दोघांच्या नावाने आलेली बँकेची पत्रे, महावितरणचे किंवा गॅसचे बिल भरल्याच्या नोंदी, संयुक्त खाते, विम्यातील नामनिर्देशन, शेजाऱ्यांची आणि नातेवाइकांची पत्रे. फोटोंचे गठ्ठे पाठवण्याचा सोस मला पटत नाही. महाबळेश्वरच्या सहलीचे चाळीस फोटो सहल सिद्ध करतात, घर नव्हे.

कॉमन-लॉ नात्याचे प्रमाणपत्र कोठेही मिळत नाही. स्टॅम्प पेपरवर ‘लिव्ह-इन करार’ नोटरी करून देणारे आणि त्याचे पैसे घेणारे एजंट जोडप्यांची फसवणूक करत आहेत. कॅनडाचा आयएमएम ५४०९ हा शपथपत्राचा फॉर्म आहे आणि तो शपथेवर भरावा लागतो, परंतु ते तुमचे म्हणणे असते. ते म्हणणे खरे ठरवणारे पुरावे वेगळे द्यावे लागतात.

‘एकत्र राहता आले नाही, म्हणून आम्ही कॉन्जुगल पार्टनर म्हणून अर्ज करू’ हा सल्लाही सर्रास दिला जातो. ती वर्गवारी केवळ कायमस्वरूपी निवासासाठी जोडीदाराला प्रायोजित करणाऱ्यांसाठी आहे. वर्क परमिटसाठी ती लागूच होत नाही.

वर्क परमिटमध्ये या दर्जावर काय अवलंबून आहे, हे थोडक्यात सांगतो. २१ जानेवारी २०२५ पासून कामगाराच्या जोडीदाराला ओपन वर्क परमिट मिळण्यासाठी मुख्य अर्जदाराचे काम टीअर (कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणातील स्तर) ० किंवा १ मधील, अथवा टीअर २ व ३ मधील निवडक व्यवसायांतील असावे लागते आणि जोडीदाराने अर्ज करताना मुख्य अर्जदाराच्या परमिटचे किमान १६ महिने शिल्लक असावे लागतात. विवाहित आणि कॉमन-लॉ यांत येथे भेद नाही. भारतात समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिल्यानंतर, येथे राहणाऱ्या समलिंगी जोडप्यांसाठी तर एका घरातील हे एक वर्ष फार मोलाचे आहे.

कॅनडातील इतर कायद्यांची मुदत मात्र यात मिसळू नये. ओंटारियोच्या कौटुंबिक कायद्यात पोटगीसाठी तीन वर्षे, ब्रिटिश कोलंबियात दोन. आयकरात स्वतःचे मूल असेल तर बारा महिन्यांची अटही नाही. इमिग्रेशनमध्ये मूल झाल्याने वर्ष माफ होत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. कॉमन-लॉ हा सोयीनुसार निवडण्याचा पर्याय आहे, असे लोक समजतात. वर्ष पूर्ण झाले असेल, तर तुम्ही कॉमन-लॉ आहात आणि वैवाहिक स्थितीच्या रकान्यात तेच लिहावे लागते. बाणेरच्या जोडप्यातील पहिल्याने स्वतःच्या अर्जात सोपे पडते म्हणून ‘अविवाहित’ लिहिले असते, तर पाच महिन्यांनी जोडीदाराचा अर्ज येताच दोन विधाने समोरासमोर उभी राहिली असती. खोटी माहिती दिल्याचा निष्कर्ष निघाल्यास कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० नुसार पाच वर्षे कॅनडाचे दार बंद होते. म्हणून दोघांनी आपले घर कोणत्या दिवशी सुरू झाले, ती तारीख पहिला अर्ज भरण्याआधीच कागदपत्रांवरून निश्चित करावी आणि त्यानंतरच्या प्रत्येक फॉर्मवर, मग तो कोणाच्याही नावाचा असो, तीच लिहावी.